अर्धा फेरा जास्त

३ मार्च

छोट्या,

तू घर सोडलंस त्याला नऊ वर्षं झाली आणि आज तुला पहिलं पत्र लिहितोय. आठवण आली म्हणून नव्हे. न्हाणीघराची भिंत गळतेय म्हणून.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीला पोपडे आलेत. पाणी झिरपून भांड्यांच्या फळीवर येतं. तुझी वहिनी रोज सकाळी त्याखाली ठेवलेलं पातेलं ओतून टाकते आणि माझ्याकडे बघते. घरातली सगळी पाइपलाइन तू टाकलेली. जिन्याखाली चार कॉक आहेत, माळ्यावर टाकीमागे आणखी दोन, आणि कुठला कॉक कुठलं पाणी बंद करतो हे एकट्या तुला ठाऊक. मी एक बंद केला तर बाबांच्या खोलीतलं पाणी गेलं. दुसरा बंद केला तर काहीच झालं नाही. शेवटी प्लंबर बोलावला. तो जिन्याखाली वाकून पाच मिनिटं नुसता बघत बसला आणि म्हणाला, "कुणी केलंय हो हे काम? हात चांगला आहे." मी त्याला गळती बघायला बोलावलं होतं, तुझं कौतुक करायला नाही. "ज्याने टाकलंय त्यालाच विचारा, उगाच भिंत फोडू नका," असं सांगून तो गेलासुद्धा.

बाबा बरे आहेत. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. तुझं नाव घेत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात. दाराची कडी बसेना, की 'तो असता तर.' पंखा कुरकुरला, की 'त्याने नुसत्या कानाने ओळखलं असतं.' मी त्यांच्यासमोर रोज जेवतो, त्यांची औषधं आणतो, त्यांच्या पायाला तेल लावतो. पण पिकतं तिथे विकत नाही हेच खरं. तू माझ्या कानामागून आलास आणि तिखट झालास, आणि नऊ वर्षं इथे नसूनही तिखटच राहिलास.

फोन का नाही केला असं विचारशील. तुझा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी फोनवर माझं डोकं तापतं. कागदावर निदान खोडता येतं. पत्ता वहिनीने दिला. तिच्याकडे कुठून आला ते मी विचारलं नाही.

ट्रॅक्टर शेडमध्ये आहे, त्या दिवशी ओढत आणला तसाच. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. तू आदल्या संध्याकाळी तेल बदललंस आणि इंजिनाखालच्या चेंबरचा बोल्ट नीट आवळला नाहीस. तो शेतात गळून पडला, तेल मातीत गेलं, इंजिन जाम झालं. होतं असं माणसाकडून. मी मनात काही ठेवलेलं नाही, तूही ठेवू नकोस.

कॉकचं तेवढं कळव.

दादा


१९ मार्च

छोट्या,

नकाशा मिळाला. मला नाही, तुझ्या वहिनीला. पाकिटावर तिचं नाव, आत तिला दोन पानी पत्र, आणि नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दादाला दाखव'. आभारी आहे.

नकाशा सुरेख काढलायस, त्यात वाद नाही. गरम पाण्याची रेघ लाल, थंड पाण्याची निळी, प्रत्येक कॉकला आकडा. नऊ वर्षांनंतर तुला कुठल्या सांध्याला एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, आहे आणि कुठल्या सांध्याला नाही हेसुद्धा आठवतं. मला परवा मी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना. नकाशा बघताना माझ्या पोटात दुखलं, आणि ते अपचनाचं नव्हतं.

मग मला समजलं की वहिनीकडे तुझा नंबर गेली नऊ वर्षं आहे. दर महिन्याला बोलता म्हणे. "सांगितलं असतं तर तुम्ही चार दिवस तोंड फुगवून बसला असता," असं तिचं म्हणणं. मी आठ दिवस बसलो.

भिंतीचं मी स्वतःच करायचं ठरवलं. तिसरा कॉक बंद केला, छिन्नीने हातभर भिंत फोडली, गळका सांधा दिसला. जुना एल्बो काढला, नवा बसवला, टेप गुंडाळली. सगळं तुझ्या नकाशाप्रमाणे. मग पाना लावला. एल्बो बसला होता, हाताला कळत होतं. पण वाटलं, पुन्हा गळाला तर हे लोक काय म्हणतील? म्हणून आणखी थोडा पिळला. टच्‌ असा आवाज झाला आणि एल्बोला उभी चीर गेली. मी म्हणालो, हल्ली मालच असला येतो. बाबा दारात काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

दुसरा एल्बो वहिनीने बसवला. मी काय करत होतो? बादली धरून उभा होतो. फोन खिडकीत ठेवलेला, त्यातून तुझा आवाज, "वहिनी, हाताने बसेल तेवढा बसव. आता पान्याने एक फेरा. एकच. बस, सोड." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त शेळ्या सरळ चालल्या. पाण्याचा एक थेंब गळला नाही. ती हसली, तू तिकडे हसलास, आणि मी बादली उचलून अंगणात गेलो. नऊ वर्षांत तुझा आवाज पहिल्यांदा ऐकला. थोडा जाड झालाय. मला वाटलं होतं तू म्हणशील, दादाला दे. तू म्हणाला नाहीस, मीही पुढे आलो नाही.

नकाशा बाबांनी मागून घेतला. शर्टाच्या खिशात ठेवला आणि काठी टेकत शेडमध्ये गेले. तिथे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर हात ठेवून तासभर बसले होते. आज सकाळी म्हणाले, "मिस्त्रीला बोलाव. इंजिन खोलायचंय."

एवढ्या वर्षांनी आता कशाला खोलायचं? तूच सांग त्यांना. तुझं ऐकतील. माझं कधी ऐकलंय?

दादा


२ एप्रिल

छोट्या,

तू बाबांना काहीच सांगितलं नाहीस. वहिनीकडे निरोप दिलास, 'खोलायचं तर खोलू दे'. बरं.

मिस्त्री काल आला. बुटका, मोजकं बोलणारा माणूस, कानामागे पेन्सिल. दिवसभरात इंजिनाचं एकेक अंग काढून त्याने शेडमध्ये पसरलेल्या पोत्यांवर मांडलं. बाबा खुर्ची टाकून बसले होते. वहिनी चहा घेऊन येत-जात होती. मी मध्येमध्ये जात होतो, जास्त थांबत नव्हतो.

दुपारी मिस्त्रीने तेलाचं चेंबर सोडवून उजेडात धरलं. बोल्टच्या भोकात बोट घातलं, फिरवलं, बोट बघितलं. म्हणाला, "कोण म्हणतं बोल्ट ढिला राहिला होता? यात आटेच नाहीत. ढिल्या बोल्टाने आटे जात नाहीत, मालक. हा कुणीतरी बेदम आवळलाय. चेंबर मऊ धातूचं असतं, जास्त पिळलं की आतले आटे खरवडून निघतात. मग बोल्ट नुसता अडकून राहतो आणि हादऱ्याने कधीतरी पडतो."

म्हणजे तू ढिला सोडला नव्हतास, उलट जास्त आवळला होतास. तरुणपणी अंगात जोर असतो, होतं. मी बाबांना तसंच म्हणालो. बाबा म्हणाले, "धाकट्याचा हात असा नाही."

एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. पण तो चिरलेला एल्बो आठवतो ना? मी तो कचऱ्यात टाकला होता. आज तो बाबांच्या खोलीच्या खिडकीत आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणशील, पण त्यांनी तो तिथे उगाच ठेवलेला नाही.

तू त्यांना सांग की घाईत जास्त आवळला गेला. तुझं काय जाणार आहे त्यात? तू तर गेलेलाच आहेस.

दादा


३ एप्रिल

छोट्या,

कालचं पत्र मला फाडायचं होतं. सकाळी टेबलावर बघतो तर नाही. वहिनीने बाजारात जाताना पेटीत टाकलं. "तुम्ही लिहिता आणि ठेवून देता, म्हणून," म्हणाली. त्यामुळे तुला ते मिळेलच. त्यातली शेवटची ओळ वाचून मला दोन शिव्या दे आणि मग हे वाच.

तो बोल्ट मी पिळला.

तू आदल्या संध्याकाळी तेल बदलून हात पुसत बाहेर आलास. शेजारचा शेतकरी बसला होता. बाबा त्याला म्हणाले, "याने हात लावला की मला परत बघावं लागत नाही." मी तिथेच होतो. मी काहीही केलं, साधी पहार जरी उचलून ठेवली, तरी बाबांचं ठरलेलं असायचं, "थोरल्या, थांब, बघू दे." चाळीस वर्षांचा झालो होतो मी तेव्हा. तरी "बघू दे".

पहाटे उठलो आणि पाना घेऊन ट्रॅक्टरखाली शिरलो. खरं कारण सांगतो. मला तो बोल्ट ढिला सापडायला हवा होता. मग मी तो आवळला असता आणि नाश्त्याच्या वेळी सगळ्यांसमोर सहज म्हणालो असतो, छोट्या, काल बोल्ट राहिला होता रे, मी बघितला म्हणून बरं. एवढंच वाक्य मला हवं होतं. रात्रभर पाठ केलं होतं.

बोल्ट ढिला नव्हता. जेवढा हवा तेवढा घट्ट होता. तसाच हात काढून बाहेर यायचं, तर मला राग आला. पान्याला पाइप चढवला आणि जोर लावला. अर्धा फेरा फिरला असेल. मग आत काहीतरी मऊ पडलं आणि पाना नुसताच फिरला. ते हाताला कळतं, कुणी शिकवावं लागत नाही. मी चिंधीने बोल्ट पुसला, पाना जागेवर टांगला आणि आंघोळीला गेलो. बोलायचं कसं? माझं पडताळणं बाहेर आलं असतं. म्हटलं, आजचा दिवस निघेल, संध्याकाळी बघू. तेल कमी झाल्याचं दाखवणारा दिवा तर आपल्या ट्रॅक्टरचा कित्येक वर्षं लागतच नव्हता.

दिवस निघाला नाही. दहा वाजता इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. बाबा बांधावरून धावत आले, ट्रॅक्टरखाली वाकून बघितलं, आणि आजूबाजूच्या शेतातली माणसं बघत असताना तुझ्या थोबाडीत मारली. "पुन्हा माझ्या यंत्राला हात लावू नकोस," म्हणाले. मी दहा पावलांवर होतो.

त्या वेळी मला आनंद झाला. क्षणभरच झाला, पण झाला. हे एक वाक्य लिहायला आज तीन कागद गेले.

दादा


२१ एप्रिल

छोट्या,

तुझं कार्ड आलं. या वेळी माझ्या नावाचं. तीन ओळी.

'कळलं होतं. बोल्ट मला त्याच संध्याकाळी सरीत सापडला, आट्यांमध्ये चेंबरचा कीस अडकलेला होता. तू बोलशील म्हणून आठ दिवस थांबलो.'

ते वाचून मी शेडमध्ये जाऊन बसलो. मिस्त्री काम करत होता, त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

ते आठ दिवस मला चांगले आठवतात. तू रोज संध्याकाळी येऊन पायरीवर माझ्या शेजारी बसायचास. मला वाटायचं, मार खाल्लाय, सांत्वन हवंय. एकदा तू म्हणालास, "दादा, काही बोलायचंय का?" आणि मी म्हणालो, "उद्या पाणी सोडायचंय, लवकर झोप." नवव्या दिवशी सकाळी तुझी खोली रिकामी होती. वहिनी रडली, बाबा जेवले नाहीत. मी सगळ्यांना सांगत फिरलो की पोराला साधं बोललेलं सहन होत नाही.

गप्प आपण दोघंही बसलो होतो. तुझं गप्प बसणं चांगलं निघालं आणि माझं हे असं. काय सांगू, मला त्याचाही हेवा वाटला.

काल बाबांना सांगितलं. दुपारी, त्यांच्या खोलीत. वहिनीला दारात उभी राहा म्हटलं, म्हणजे मी मध्येच पळणार नाही. त्या पहाटेपासूनचं सगळं सांगितलं, पाठ केलेलं वाक्यसुद्धा. बाबा खिडकीतल्या त्या एल्बोकडे बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी काठी ओढून हातात घेतली. मग म्हणाले, "मारलं मी. आणि तू तिथे उभा होतास."

मी हो म्हणालो.

"तुझ्या थोबाडीत द्यायला पाहिजे. आता हातात तेवढा जोर नाही."

खरं सांगतो, बसली असती तर बरं वाटलं असतं. पन्नाशीला आलेल्या माणसाने असं लिहू नये, पण तू खाल्लेल्या त्या एका थपडेचाही मला आज हेवा वाटतो. तुझ्याकडून त्यांची केवढी अपेक्षा होती म्हणून ती बसली. माझ्याकडून बोल्ट पडला असता तर ते नुसते म्हणाले असते, "मला वाटलंच होतं."

मग मी विचारलं, "तुम्हाला कधी संशय आला?" म्हणाले, "एल्बो फुटला तेव्हा." मी म्हटलं, मग विचारलं का नाही? ते भिंतीकडे वळून झोपले. कालपासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. औषधं वहिनीच्या हातून घेतात.

दादा


२६ एप्रिल

छोट्या,

या पाकिटात आणखी एक पाकीट आहे. ते बाबांचं.

आज सकाळी त्यांनी वहिनीकडून कागद मागितला. टेबल खिडकीशी ओढून घेतलं, तिला दार लोटायला सांगितलं आणि दोन तास लिहीत होते. मधून एकदा नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग मला हाक मारली, सहा दिवसांत पहिली. पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाले, "त्याला पाठव. तू वाचायचं नाही."

मी वाचलेलं नाही. उजेडात धरून बघितलं, खोटं कशाला बोलू. कागदाच्या चार घड्या आहेत, काही दिसत नाही. दोन्ही कडांना डिंक इतका जपून लावलाय की उघडलं तर लगेच कळेल. त्यांना माहीत आहे, पोस्टमन कोण आहे ते. मला त्यांनी जन्मात एक ओळ लिहिलेली नाही. समोरच्या माणसाला कोण लिहितो म्हणा. तरी पोस्टापर्यंत चालत जाताना ते पाकीट खिशात टोचत राहील, एवढं तुला सांगून ठेवतो.

शेडमधली स्थिती अशी आहे. चेंबरच्या भोकात मिस्त्रीने नवे आटे पाडून दिलेत. क्रँक घासून आली, बेअरिंग आली. इंजिन पोत्यांवर पसरलेलं आहे. मिस्त्रीचं म्हणणं, जोडायला दोन माणसं लागतील, आणि दुसरा माणूस मी नको. तोंडावर बोलला. बाबांनी त्याला जोडण्याआधी थांब म्हणून सांगितलंय. किती दिवस थांब, ते सांगितलेलं नाही. मिस्त्री रोज येतो, सगळ्या भागांना तेलाचं बोट लावतो, वर चादर घालतो आणि जातो.

तुझी खोली वहिनीने झाडून घेतली. तिथला नळ मी बदलला. हाताने बसवला, पान्याने एक फेरा दिला आणि पाना खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. वहिनी दारातून बघत होती. नळ गळत नाही. हे बाबांना सांगायला गेलो नाही.

तू आलास तर काय होईल ते मला आत्ताच माहीत आहे. पहिले दोन दिवस मी फार चांगला वागेन. तिसऱ्या दिवशी बाबा तुला ट्रॅक्टरपाशी बसवून घेतील, वहिनी तुझ्या आवडीचं करेल, शेजारचा शेतकरी येऊन तुझ्या हाताचं कौतुक करेल, आणि मी कुठेतरी कोपऱ्यात एखादा खिळा ठोकत जळत असेन. दुरून डोंगर साजरे, तू दूर होतास तोवर निदान मला इथे एकट्याला मुलगा म्हणत होते. माझा स्वभाव नऊ वर्षांत गेला नाही, तो महिन्याभरात जाणार नाही.

बाबांनी आत काय लिहिलंय मला माहीत नाही. त्यांनी ये म्हटलं असेल तर त्यांच्यासाठी ये. म्हटलं नसेल, नुसती माफी मागितली असेल किंवा मला शिव्या घातल्या असतील, तर मी म्हणतोय, ये. बसथांब्यावर मी उभा असेन, आणि बाबांना बरोबर आणणार नाही. तू उतरशील तेव्हा आधी मला भेट.

दादा